थकण्याचा आणि चुकण्याचा हक्क

२२ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत फॅनी लू हेमर साक्ष द्यायला बसल्या. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपी राज्याचे खरे प्रतिनिधी कोण, हा वाद होता आणि पक्षाची समिती दोन्ही बाजू ऐकून घेत होती. हेमर कापसाच्या मळ्यात वाट्यानं राबणाऱ्या कुटुंबातल्या, वीस भावंडांत सर्वांत धाकट्या. १९६२ साली मतदारयादीत नाव नोंदवायला गेल्या म्हणून त्यांना मळ्यावरच्या घरातून कसं बाहेर काढलं, पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात त्यांना कसं झोडपून काढलं, हे त्यांनी समितीला सांगितलं. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ही साक्ष इतकी अडचणीची वाटली, की त्यांनी ऐन वेळी पत्रकारांना बोलावून कॅमेरे आपल्याकडे वळवले. तरी वाहिन्यांनी त्याच रात्री ती देशभर दाखवली.

तो आवाज इतिहासानं जपला. त्या आवाजामागच्या देहाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. लहानपणीच्या पोलिओमुळे हेमर लंगडत चालत. १९६१ साली एका शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना न विचारता त्यांचं गर्भाशय काढून टाकण्यात आलं. विनोनाच्या मारानं मूत्रपिंडाला आणि डोळ्याला कायमची इजा झाली. एवढं होऊनही त्या सभा घेत राहिल्या, गाणी म्हणत राहिल्या. १९६९ साली त्यांनी ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभी केली, गरीब कुटुंबांना डुकरं पाळायला देणारी ‘पिग बँक’ चालवली. १९७७ साली कर्करोग आणि रक्तदाब यांनी त्यांचा बळी घेतला, तेव्हा त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या. आयुष्यभर लोकांनी त्यांना खंबीर म्हटलं. त्या खंबीरपणाची किंमत किती, ती कुणी मोजली आणि ती मोजल्यावाचून नेतृत्व करता येतं का, हे या पुस्तकाचे प्रश्न आहेत.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्री-नेत्यांबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक गौरवाच्या सुरात. अडचणींवर मात, जिद्द, त्याग, विजय अशी ती चढती कमान असते. तो गौरव खोटा नाही. पण नुसत्या गौरवातून त्यांच्या हाती काही पडत नाही, उलट पुढच्या पिढीच्या खांद्यावरचं ओझं वाढतं. म्हणून इथे त्याच स्त्रियांकडे दुसऱ्या बाजूनं पाहिलं आहे. त्या कुठे थकल्या, कुठे थांबल्या, कुणापाशी रडल्या, देवाशी कशा भांडल्या आणि सगळं निर्दोषच करायचं हा हट्ट त्यांनी कसा सोडला, किंवा का सोडू शकल्या नाहीत, याचा हा शोध आहे.

हा हट्ट स्वभावातून येतो असं आपण सहज म्हणून जातो. इथे तसं म्हणणं अन्यायाचं होईल. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीवर जे आरोप होत, ते एकेका बाईवर नसत, सबंध समाजावर असत. ती अस्वच्छ, आळशी, अनीतिमान आहे, असं उघडपणे छापलं जाई. त्यावर या स्त्रियांनी एक उपाय काढला: कुणाला नाव ठेवायला जागाच ठेवायची नाही. कपड्याला सुरकुती नको, बोलण्यात चूक नको, घरात केर नको, चारित्र्यावर डाग नको. १८९६ साली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन’ ही संघटना मेरी चर्च टेरेल यांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली, तीही याच जाणिवेतून. आपण वर चढायचं ते इतरांना सोबत घेऊन, हे तिचं ब्रीद होतं. म्हणजे एकीचा पाय घसरला तर सगळ्याच खाली येणार, हा धाकही त्यात आलाच.

नॅनी हेलन बरोज यांचं उदाहरण जवळून पाहण्याजोगं आहे. १९०० साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, रिचमंडमधल्या बॅप्टिस्टांच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्या उभ्या राहिल्या आणि चर्चच्या कामात बायकांची वाट कशी अडवली जाते, हे पुरुषांना त्यांनी तोंडावर ऐकवलं. त्यातून बॅप्टिस्ट स्त्रियांची स्वतंत्र संघटना जन्माला आली. १९०९ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. तिचं शिक्षण तीन गोष्टींवर उभं होतं: बायबल, आंघोळ आणि झाडू. सर्वस्वी अशक्य तेच आम्ही करून दाखवतो, अशा अर्थाचं शाळेचं ब्रीद होतं. या शाळेनं असंख्य मुलींना पायावर उभं केलं. पण रोज सकाळी अशक्य ते करायला उठणारी मुलगी मोठेपणी विसावा घ्यायला कुठे आणि कशी शिकणार? पाठीवर छडी नसली तरी मनात ती उगारलेलीच राहते. इतिहासकार एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी १९९३ साली बॅप्टिस्ट स्त्रियांच्या चळवळीवर लिहिताना या धोरणाला ‘प्रतिष्ठेचं राजकारण’ म्हटलं. या धोरणानं स्त्रियांना बळ दिलं आणि त्यांच्यावर पहाराही बसवला, हे त्यांच्या मांडणीतून स्पष्ट होतं.

हा पहारा किती कडक होता, ते माँटगोमेरी शहरात दिसलं. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीनं बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. पोलिसांनी तिला फरपटत नेलं. तरीही तिच्या नावावर लढा उभारायचा नाही, असं तिथल्या पुढाऱ्यांनी ठरवलं. ती वयानं लहान, गरीब वस्तीतली, तडकाफडकी बोलणारी. पुढे त्याच वर्षी तिला दिवसही गेले. नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला, रोझा पार्क्स यांना त्याच कारणासाठी अटक झाली. बेचाळीस वर्षांच्या, शिवणकाम करणाऱ्या, चर्चला नियमित जाणाऱ्या, बोलण्याचालण्यात मोजक्या. बोट ठेवायला जागा नव्हती. बसवरच्या बहिष्काराचा लढा त्यांच्या नावानं उभा राहिला आणि जिंकलाही. ज्या खटल्यात बसमधला वर्णभेद बेकायदा ठरला, त्याच्या फिर्यादींमध्ये मात्र कॉल्विनचं नाव होतं. तिच्या बालपणीच्या गुन्ह्याची नोंद न्यायालयानं पुसली ती २०२१ साली.

चुकायची मुभा नसलेल्या कॉल्विनला बाजूला सारलं गेलं, हे उघड दिसतं. पण निर्दोष ठरलेल्या पार्क्स यांचं तरी काय झालं? त्यांची नोकरी गेली, धमक्यांचे फोन येत राहिले, पोटात अल्सर झाले, आणि १९५७ साली घर उठवून डेट्रॉइट गाठावं लागलं. निर्दोषपणानं त्यांना मान दिला, सुरक्षितता दिली नाही. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक आयुष्यात हेच पुन्हा पुन्हा दिसेल. कृष्णवर्णीय घरांत मुलींना सांगितलं जातं की दुप्पट राब, तेव्हा कुठे निम्मं पदरात पडेल. मुली दुप्पट राबतात. पदरात निम्मंच पडतं. आणि उरलेलं निम्मं आपल्याच कमीपणामुळे गेलं असं त्यांना वाटत राहतं. परिपूर्णतेच्या हट्टातला खरा घात हा आहे. अन्याय बाहेरचा असतो, पण त्याचा जाब बाई स्वतःलाच विचारत बसते.

गेल्या काही दशकांत या ओझ्याचा अभ्यासही झाला. १९९२ साली सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक अर्लीन जेरोनिमस यांनी एक गोष्ट पुढे आणली. गोऱ्या स्त्रियांमध्ये कोवळ्या वयापेक्षा विशीतलं बाळंतपण बाळाला अधिक सुखरूप ठरत होतं. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये वय वाढेल तसा धोका वाढताना दिसत होता. भेदभावाचा रोजचा ताण शरीराला अकाली झिजवतो, असं त्यांचं प्रतिपादन होतं. २०१० साली परिचर्याशास्त्राच्या संशोधक शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी ‘सुपरवुमन’ होण्याच्या दडपणाची पाच अंगं मांडली: सदैव खंबीर दिसणं, भावना दाबणं, कुणावर विसंबायला नकार, साधनं तुटपुंजी असतानाही यशाचा ध्यास, आणि स्वतःआधी सगळ्यांना मदत. आपल्याकडे यातल्या चार तरी गोष्टी सद्गुण म्हणून सांगितल्या जातात, हे वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. अमेरिकेत २०२३ साली दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ५० कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांमध्ये हे प्रमाण सुमारे साडेचौदा होतं. शिक्षणानं किंवा पैशानं ही दरी पूर्ण बुजत नाही. वेदना सांगणारी बाई आणि तिची वेदना खरी मानणारा डॉक्टर यांच्यात अजूनही फार अंतर आहे.

आता श्रद्धेकडे वळतो, कारण श्रद्धा वगळून या स्त्रियांबद्दल काहीही बोलता येत नाही. कृष्णवर्णीय चर्च त्यांच्यासाठी नुसतं प्रार्थनास्थळ नव्हतं. ती शाळा होती, पतपेढी होती, सभागृह होतं, मयताच्या घरी जेवणाचा डबा पोचवणारी यंत्रणा होती. हे सगळं चालवलं ते मुख्यतः बायकांनी. व्यासपीठ मात्र पुरुषांकडे राहिलं. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे संस्थापक रिचर्ड ॲलन यांनी १८१९ साली जरीना ली यांना प्रवचन करायला परवानगी दिली. त्याच चर्चमध्ये पहिल्या स्त्री बिशप व्हॅश्टी मर्फी मॅकेन्झी निवडून आल्या त्या २०००मध्ये. मधली १८१ वर्षं बायकांनी स्वयंपाक केला, वर्गणी जमवली, गाणी बसवली, आणि सेवा म्हणजे स्वतःला विसरणं, हे वरून ऐकत राहिल्या. जी श्रद्धा उभं राहायला आधार देत होती, तिच्याच नावानं बसायला मनाई होत होती.

या कोंडीतून वाट काढली तीही श्रद्धावंत स्त्रियांनीच. ती वाट या पुस्तकाचा गाभा आहे. धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांच्या आजी नॅन्सी अँब्रोझ गुलामगिरीत जन्मल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. नातू त्यांना बायबल वाचून दाखवी. पण संत पौलाची पत्रं त्या सहसा वाचू देत नसत. मालकाचा गोरा धर्मोपदेशक मळ्यावर येऊन गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हे पौलाचं वचन पुन्हा पुन्हा ऐकवी. मुक्त झाल्यावर आणि वाचता आलं तर तो भाग कधीच वाचणार नाही, असा त्या बाईनं निश्चय केला होता. देव तिनं सोडला नाही, देवाच्या नावानं लादलेली गुलामी सोडली. शास्त्री-पंडितांची मदत न घेता एका निरक्षर आजीनं केलेला हा निवाडा पुढच्या सगळ्या चिंतनाचा पाया ठरावा इतका मोलाचा आहे.

त्या पायावर ‘वुमनिस्ट’ धर्मचिंतन, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अनुभवातून केलेलं धर्मचिंतन, उभं राहिलं. केटी कॅनन, जॅकलिन ग्रँट, डेलोरेस विल्यम्स या त्यातल्या ठळक अभ्यासक. विल्यम्स यांनी १९९३ साली बायबलमधल्या हागारेची कथा नव्यानं वाचली. सारेची ही दासी मालकांसाठी मूल जन्माला घालते आणि नको झाल्यावर रानात हाकलली जाते. दुसऱ्यांच्या वाटचं सोसण्यात पुण्य आहे ही शिकवण कृष्णवर्णीय स्त्रियांनी निमूटपणे का स्वीकारावी, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मानसशास्त्र आणि धर्मशास्त्र या दोन्हींच्या अभ्यासक चॅनेक्वा वॉकर-बार्न्स यांनी २०१४ साली याच खंबीरपणाच्या जोखडावर सविस्तर लिहिलं.

बायबलमध्येच याची उत्तरं आहेत, हे या स्त्रिया आवर्जून दाखवतात. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा आहे. त्या दिवशी दास-दासींनीही विसावा घ्यावा, कारण तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, असं कारण तिथे दिलं आहे. विश्रांतीची आज्ञा झाली ती गुलामीतून सुटलेल्या लोकांना. एलीया संदेष्टा दमून झुडुपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला दटावत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. पुढच्या कामाचं बोलणं त्यानंतर. पुष्कळ कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी स्वतःची काळजी ही या अर्थानं श्रद्धेबाहेरची चैन नाही. ती श्रद्धेचाच भाग आहे.

परिपूर्णतेबद्दलही त्यांच्या परंपरेत एक खोल विचार आहे आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो. गुलामीत जन्मलेल्या, धुणी धुऊन आणि स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या अमांडा बेरी स्मिथ पुढे मोठ्या प्रवचनकार झाल्या. १८७९च्या सुमारास त्या भारतात आल्या, इथे त्यांनी प्रवचनं केली. कलकत्त्यात त्यांचं काम पाहिलेल्या बिशप थोबर्न यांनी १८९३ साली त्यांच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहिली. स्मिथ ज्या मेथडिस्ट प्रवाहातल्या, त्याचे प्रवर्तक जॉन वेस्ली ‘ख्रिस्ती परिपूर्णता’ शिकवत. तिचा अर्थ त्यांनी स्पष्ट सांगितला होता: मन प्रेमानं भरलेलं असणं. अज्ञान आणि चुका माणसाच्या देहासोबत राहणारच, हे त्यांनी मान्य केलं होतं. जग मागतं ती परिपूर्णता आणि देव मागतो ती, या दोन वेगळ्या आहेत हे कळलेली बाई निर्भय होते. कुणी शिष्यवृत्ती दिली नाही, चर्चनं दीक्षा दिली नाही, तरी अमांडा स्मिथ खंड ओलांडत गेल्या, ते या निर्भयतेच्या जोरावर.

स्वतःची काळजी हा शब्दप्रयोग आज बाजारानं बळकावला आहे. सुगंधी मेणबत्ती, महागडं मालिश, सुट्टीचं पॅकेज असं त्याचं रूप झालं आहे. या स्त्रियांचं म्हणणं फार निराळं होतं. कवयित्री ऑड्री लॉर्ड कर्करोगाशी झुंजत असताना, १९८८च्या त्यांच्या पुस्तकात, स्वतःला जपणं हे लाड नसून तग धरणं आहे आणि ती राजकीय लढाई आहे, असं मांडून गेल्या. ज्या व्यवस्थेला तुमचं जगणं नकोच आहे, तिथे जिवंत राहणं हाच प्रतिकार. १९८३ साली बिली एव्हरी यांनी अटलांटातल्या स्पेलमन कॉलेजात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर राष्ट्रीय परिषद भरवली. त्यातून निघालेल्या कामाची रीत साधी होती. बायकांनी लहान गटात बसायचं आणि आपल्या आयुष्याबद्दल खरं बोलायचं. रक्तदाबाच्या गोळ्यांआधी त्या रक्तदाबामागची गोष्ट ऐकायची. रोझा पार्क्स यांनीही डेट्रॉइटला गेल्यावर योगासनं केली. १९७३ सालची त्यांची छायाचित्रं अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. २०१६ साली ट्रिशा हर्सी यांनी अटलांटात ‘नॅप मिनिस्ट्री’ सुरू केली, ती लोकांना एकत्र जमवून झोपू देते. हर्सी धर्मशास्त्र शिकलेल्या. कष्टांच्या धबडग्यातही रोज काही वेळ डोळे मिटून बसणारी आजी त्यांनी पाहिली होती. पूर्वजांकडून हिसकावून घेतलेली विश्रांती परत मिळवणं, असं त्या या कामाकडे पाहतात.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सनं सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. हवेत असताना शरीराचा ताबा सुटतो आहे हे तिला कळलं होतं. पुढची उडी मानेवर बेतू शकली असती. तिच्यावर टीकेची झोड उठली. २०२४ साली पॅरिसला तिनं तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्यपदक जिंकलं. पण ती परत जिंकली म्हणून तिचं थांबणं योग्य ठरलं, असं मी म्हणणार नाही. पॅरिसला ती गेलीच नसती तरी ते तितकंच योग्य होतं. विश्रांतीला पदकाचं प्रमाणपत्र मागणं म्हणजे पुन्हा जुन्याच हट्टाकडे जाणं.

एक गैरसमज आधीच दूर करतो. परिपूर्णता सोडणं म्हणजे काम ढिसाळ करणं नव्हे. या पुस्तकातल्या सगळ्या स्त्रिया आपल्या कामात चोख आहेत. त्यांनी सोडलं ते भय. चूक झाली तर आपलं माणूसपण काढून घेतलं जाईल हे भय. आणि ते एकटीनं सुटत नाही. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या एला बेकर यांनी १९६० साली विद्यार्थ्यांची संघटना उभी राहायला हात दिला, तेव्हा एका मोठ्या नेत्याभोवती चळवळ बांधायला त्यांचा विरोध होता. जिथे नेतृत्व वाटून घेतलं जातं, तिथे एकीला थकायची मुभा मिळते, कारण दुसरी उभी असते. स्वतःची काळजी घे, असं नेत्या स्त्रीला सांगायचं आणि तिच्या टेबलावरचं काम तसंच ठेवायचं, ही फसवणूक आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. इथली पहिल्या पिढीत शिकलेली दलित, आदिवासी, भटक्या समाजातली बाई ऑफिसात पाऊल टाकते, तेव्हा तिच्या चुकीचा हिशेबही एकटीच्या नावावर मांडला जात नाही. तरी दोन्ही इतिहास एकच आहेत, असा दावा इथे नाही. त्या स्त्रियांचं दुःख त्यांचंच आहे. आपण ते उसनं घेऊ नये, त्यातून शिकावं.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात ओझ्याचा इतिहास, दुसऱ्यात श्रद्धेशी झालेला झगडा आणि समेट, तिसऱ्यात विश्रांतीच्या आणि वाटून घेतलेल्या नेतृत्वाच्या वाटा. सलग वाचलंच पाहिजे असं नाही. दमला असाल तर पुस्तक मिटून ठेवा, ते कुठे जात नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, संस्थेत, चळवळीत अशी एक बाई नक्की असेल, जिच्याबद्दल सगळे कौतुकानं म्हणतात की ती एकटी सगळं सांभाळते. पुढच्या वेळी ते कौतुक करण्याआधी तिच्याकडचं एक काम उचला, आणि ते परत तिच्याकडे जाणार नाही याची काळजी घ्या.